शब्दांच्या जाती ओळखायच्या कशा? पाठांतर नको, चाचण्या सांगा

अर्धविराम | सोमवार, रात्री ९:१०

आठ जाती सगळ्यांनाच पाठ असतात. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ही चार विकारी. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही चार अव्ययं. गाडी अडते ती त्यापुढे. ‘वर’ कोणत्या जातीचा, असं विचारलं की यादीत शोधाशोध सुरू होते आणि ‘वर’ एकाच वेळी दोन याद्यांमध्ये सापडतो. मग ज्याची यादी आधी पाठ झाली ते उत्तर.

हे वाक्य बघा: ‘वर घोड्यावर बसून वर पाहत होता.’

तीन ‘वर’, तिघांची जात वेगळी. पहिला नाम (नवरदेव), दुसरा शब्दयोगी, तिसरा क्रियाविशेषण. ‘वर’ या नुसत्या शब्दाला जात नाही. वाक्यात तो जे काम करतो, ती त्याची जात. म्हणून परीक्षेत सुटा शब्द देऊन जात विचारली असेल तर प्रश्नच चुकीचा समजावा.

मराठीत काम ओळखायला एक हुकमी साधन आहे, ते म्हणजे सामान्यरूप. प्रत्यय लागण्याआधी नामाचं अंग बदलतं: घोडा-घोड्याला, शाळा-शाळेत, घर-घरातून. अव्ययाचं अंग बदलत नाही. शब्दाला ‘चा’ लावून बघायचा:

वराचा फेटा – अंग बदललं, नाम.
वरचा मजला – जसाच्या तसा, क्रियाविशेषण.

तसंच कालाचा ओघ (काल म्हणजे काळ, नाम) आणि कालचा भात (काल म्हणजे आदला दिवस, क्रियाविशेषण). एका कान्यात निकाल लागतो.

अशा आणखी चाचण्या इथे जमवू. व्याख्या नकोत, त्या पाठ्यपुस्तकात आहेतच.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ९:५२

धागा आवडला. माझी भर क्रमाबद्दल. शिकणारे वाक्य डावीकडून उजवीकडे वाचत एकेका शब्दावर चिठ्ठी लावत जातात, आणि तिथेच चुकतात. सुरुवात क्रियापदापासून करायची, म्हणजे मराठीत बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटापासून.

क्रम असा ठेवा. आधी क्रियापद. मग त्याला ‘कोण?’ विचारून कर्ता, ‘काय?’ विचारून कर्म. हे दोन्ही नाम किंवा सर्वनामच निघतात. त्यानंतर या नामांना चिकटून कोण आलंय ते पाहा, ती विशेषणं. क्रियापदाला ‘कधी, कुठे, कसे, किती’ विचारून जे हाती येईल ते क्रियाविशेषण. उरलेल्या दोन-तीन शब्दांत उभयान्वयी आणि केवलप्रयोगी आपोआप दिसतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

रोज पाच वाक्ये, पंधरा मिनिटे. वाक्ये वर्तमानपत्रातली घ्या. पुस्तकातली वाक्ये त्या त्या जातीसाठीच बेतलेली असतात, त्यामुळे उत्तर आधीच कळते.

---

निरगाठ | सोमवार, रात्री ११:१५

अर्धविराम, चाचणी छान आहे पण हुकमी म्हणू नका. ‘नदी’ला ‘चा’ लावा: नदीचा. अंग कुठे बदललं? हत्तीचा, कवीचा, वस्तूचा, तेच. मग ही काय अव्ययं?

विशेषनामांचंही तसंच. पुण्याचा होतं, पण मुंबईचा, नागपूरचा. माणसांच्या नावांत तर हल्ली अंग बदलायची रीतच गेली आहे: अमोलचा, अमोलला. ‘अमोलाला’ म्हणून बघा, अमोल वळूनही बघणार नाही.

---

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ७:३०

बरोबर, ‘हुकमी’ मागे घेतो. ई-ऊने संपणाऱ्या नामांवर ही चाचणी गप्प बसते. तिथे अनेकवचन करा: नद्यांचा, हत्तींचा, कवींचा, वस्तूंचा. अव्ययाला अनेकवचनच नाही. ‘कालांचा’ असं कालच्या दिवसाबद्दल कुणी म्हणत नाही.

विशेषनामांची जात ओळखायला कुणी अडत नाही, त्यामुळे ती सोडून देऊ. मात्र ‘आमच्या वर्गात तीन पूजा आहेत’ यातली पूजा सामान्यनामाचं काम करते आहे, हे नोंदवून ठेवा. परीक्षेत आवडता प्रश्न आहे.

---

खोडरबर | मंगळवार, सकाळी १०:०५

शब्दयोगीवर कुणीच नीट बोललेलं नाही, आणि लिहिताना सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. दुकानांच्या पाट्या बघा: ‘शाळे समोर’, ‘मुलां साठी’, ‘पावसा मुळे’. शब्दयोगी म्हणजे शब्दाला जोडून येणारं. शाळेसमोर, मुलांसाठी, पावसामुळे. आधीचा शब्द सामान्यरूपात आहे याचा अर्थ तो कुणाची तरी वाट बघतोय. त्याला अधांतरी सोडायचं नाही. ‘शाळे’ हा शब्द एकटा उभा राहू शकतो का? नाही. मग जोडा.

पण उलटी चूकही तितकीच होते. ‘त्यावेळी’, ‘माझ्यामते’ असं जोडून लिहितात. ‘वेळ’ आणि ‘मत’ ही स्वतंत्र नामं आहेत, ‘त्या’ आणि ‘माझ्या’ त्यांची विशेषणं. म्हणून ‘त्या वेळी’, ‘माझ्या मते’ तोडून. ‘त्यामुळे’, ‘त्यानंतर’, ‘माझ्याबद्दल’ मात्र जोडून. शंका आली तर मधे एक विशेषण घुसवून बघा. ‘त्या वाईट वेळी’ चालतं, म्हणजे वेळ नाम आहे. ‘त्या वाईट मुळे’ असं होत नाही, म्हणजे मुळे शब्दयोगी.

दुसरी गोष्ट. काही शब्दयोगी सामान्यरूप मागत नाहीत: च, सुद्धा, देखील, मात्र, ना. ‘घोडासुद्धा’ बरोबर, ‘घोड्यासुद्धा’ नव्हे. यांना शुद्ध शब्दयोगी म्हणतात. जोडून लिहायचा नियम त्यांनाही लागू आहे. ‘घोडा सुद्धा’ नको.

---

चिंचेचा कोळ | मंगळवार, सकाळी १०:४०

खोडरबर, +१. सामान्यरूपाचा विषय निघालाच आहे तर ऱ्हस्वदीर्घाचंही उरकून घेऊ, कारण जात ओळखली तरी लिहिताना गुण इथे जातात.

शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होतं: वीट-विटेवर, फूल-फुलाला, विहीर-विहिरीत, गरीब-गरिबाला. तीन अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षर दीर्घ असेल तर अशा ऊचा अ: माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाचा, बेडूक-बेडकाला. ‘पाऊस’मध्ये व येतो, पावसात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हलत नाहीत: शरीर-शरीराला, रूप-रूपाने. ‘शरिराला’ ही फार दिसणारी चूक.

आणि अनेकवचनाचा अनुस्वार! ‘मुलाचे कपडे’ आणि ‘मुलांचे कपडे’ यात एका टिंबाने कपड्यांचा ढीग वाढतो. आदरार्थीही तोच अनुस्वार, म्हणून मुख्यमंत्री एकच असले तरी ‘मुख्यमंत्र्यांचे भाषण’.

---

दूरदेशी | मंगळवार, दुपारी ३:२०

परदेशात वाढणाऱ्या १०-१२ वर्षांच्या मुलांना मराठी शिकवताना इंग्रजीतल्या जातींशी जुळवून सांगावं का? त्यांना नाऊन, व्हर्ब, प्रेपोझिशन वगैरे शाळेत आधीच झालेलं असतं.

---

निरगाठ | मंगळवार, सायंकाळी ६:४५

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद इतपत जुळवा. प्रेपोझिशनपाशी थांबा.

प्रेपोझिशन नामाच्या आधी आणि सुटं येतं; शब्दयोगी नामानंतर, जोडून, आणि नामाचं अंग बदलून. शिवाय इंग्रजीत जे काम प्रेपोझिशन करतं, त्यातलं निम्मं मराठीत विभक्ती करते. ‘घरात’मधला ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय आहे, ‘घरामध्ये’मधला ‘मध्ये’ शब्दयोगी. अर्थ जवळजवळ एकच, खाती दोन. फरक ओळखायची खूण: प्रत्ययाला स्वतःचा अर्थ नसतो, तो सुटा उच्चारून काही बोध होत नाही. ‘मध्ये’ सुटा उभा राहतो: ‘तू मध्ये बोलू नकोस.’

सर्वनामात एक गोष्ट इंग्रजीतून येणाऱ्या मुलांना मुद्दाम शिकवावी लागेल. ‘वी’ या एका शब्दाला मराठीत दोन आहेत. ‘आम्ही सिनेमाला जातोय’ म्हणजे ऐकणारा घरी बसणार. ‘आपण सिनेमाला जातोय’ म्हणजे त्यानेही चपला घालाव्यात. हा भेद हिंदीतही नाही, त्यामुळे महाराष्ट्रात नव्याने मराठी शिकणारे हिंदीभाषकही इथेच अडखळतात. वर ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’च्या जागीही येतो (‘आपण कुठून आलात?’) आणि स्वतः या अर्थीही (‘तो आपणहून गेला’). मूळ सर्वनामं नऊच आहेत: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. त्यातलं सगळ्यात कष्टाळू ‘आपण’.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ९:००

सर्वनामाचा विषय आहे तोवर: ‘तो आला’ यात तो सर्वनाम. ‘तो मुलगा आला’ यात विशेषण. ज्याच्याऐवजी यायचे ते नाम शेजारीच उभे असेल, तर सर्वनामाचे काम उरत नाही. तेव्हा ते फक्त ‘कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर देते. याला सार्वनामिक विशेषण म्हणतात. माझा, तुझा, असा, इतका, कसा हे सगळे त्यातच.

उलट बाजूने विशेषणही नाम होते. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ यात शहाणा माणूस कुठे लिहिलेला नाही, आणि विभक्तीचा प्रत्यय थेट ‘शहाणा’ला लागला आहे. विशेषण एरवी प्रत्यय घेत नाही, नामाला घेऊ देते. ‘शहाण्या मुलाला’ म्हणतो, ‘शहाण्याला मुलाला’ नाही. प्रत्यय कुणाच्या अंगावर आहे ते बघा.

---

वाचनमात्र | मंगळवार, रात्री ९:४०

नेहमी फक्त वाचतो, पण एक अडलंय. ‘चोळत बसला’, ‘लिहून टाकले’ अशा जोड्यांमध्ये क्रियापद एक धरायचं की दोन?

---

अर्धविराम | मंगळवार, रात्री १०:३०

वाचनमात्र, क्रिया मोजा, शब्द नको.

‘मी पत्र लिहून टाकले.’ किती क्रिया? एकच, लिहिण्याची. ‘टाकले’ इथे काही टाकत नाही, काम उरकल्याचं सांगतं. म्हणून ‘लिहून टाकले’ हे संयुक्त क्रियापद, त्यात ‘लिहून’ धातुसाधित (धातूपासून बनलेला शब्द) आणि ‘टाकले’ सहायक.

‘मी पत्र लिहून पेटीत टाकले.’ आता दोन क्रिया. आधी लिहिलं, मग टाकलं. क्रियापद फक्त ‘टाकले’. ‘लिहून’ हे धातुसाधित अव्यय क्रियाविशेषणाचं काम करतं.

‘हात चोळत बसला’मध्ये माणूस उभा असला तरी वाक्य खरं ठरतं. म्हणजे ‘बसला’चा मूळ अर्थ गेला, संयुक्त झालं. पण ‘पाटावर मांडी घालून बसला’ यात तो खरोखर बसलाय.

धातुसाधितांचा गोंधळ क्रियापदाच्या व्याख्येमुळे होतो. ‘क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद’ इतकंच शिकवतात. मग ‘वाहती नदी’तलं ‘वाहती’, ‘पिकलेला आंबा’तलं ‘पिकलेला’, ‘धावणे चांगले’तलं ‘धावणे’ हे सगळं क्रियापद वाटायला लागतं. व्याख्येचा दुसरा भाग महत्त्वाचा: वाक्य पुरं करणारा. ‘नदी वाहती’ म्हणून थांबलात की समोरचा पुढच्या शब्दाची वाट बघतो. ‘नदी वाहते’ म्हणालात की बघत नाही.

---

चिंचेचा कोळ | बुधवार, सकाळी ८:१५

क्रियापद सापडलं की ते कुणाच्या तालावर नाचतंय हेही लगेच बघून टाकावं, प्रयोग शिकताना कष्ट वाचतात.

मुलगा आंबा खातो, मुलगी आंबा खाते: कर्त्याप्रमाणे, कर्तरी.
मुलाने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली, मुलाने आंबे खाल्ले: कर्माप्रमाणे, कर्मणी.
मुलाने मांजराला पकडले, मुलीने चोरांना पकडले: कुणाचंच ऐकत नाही, कायम नपुंसकलिंगी एकवचनी, भावे.

सोपी खूण: कर्त्यावर ‘ने’ आणि कर्म कोरं असेल तर कर्मणी, कर्त्यावर ‘ने’ आणि कर्मावर ‘ला’ किंवा ‘स’ असेल तर भावे. फसगत होते ती ‘मी’ आणि ‘तू’पाशी, कारण तृतीयेतही त्यांचं रूप तेच राहतं. ‘मी पोळी खाल्ली’ हा कर्मणीच. ‘मी’च्या जागी ‘त्याने’ घालून पाहा.

सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याचंच ऐकणारी काही क्रियापदं आहेत: शिकणे, बोलणे, विसरणे. ती छत्री विसरली, तो खोटे बोलला, मी मोडी शिकलो. ही मात्र पाठच करावी लागतात.

---

खोडरबर | बुधवार, दुपारी १२:३०

एक सबंध वाक्य फोडून बघू या. पाटीपेन्सिल यांच्या क्रमाने:

‘अरेरे! काल संध्याकाळी मोठ्या भावाने घरासमोरच्या विहिरीत नवी बादली पाडली आणि तो हात चोळत बसला.’

क्रियापदं: पाडली, चोळत बसला. कोणी पाडली? भावाने, नाम, तृतीया. काय पाडली? बादली, नाम, प्रथमा. म्हणून पाडली स्त्रीलिंगी, कर्मणी. तो – शेजारी नाम नाही, सर्वनाम. हात – नाम. मोठ्या, नवी – विशेषणं. ‘मोठा’चं ‘मोठ्या’ झालं कारण पुढचं नाम सामान्यरूपात आहे. लाल, सुंदर, कडू अशी विशेषणं तिथेही बदलली नसती. बदलतात ती फक्त आकारान्त. विहिरीत – नाम, सप्तमी, हि ऱ्हस्व. काल, संध्याकाळी – क्रियाविशेषणं. आणि – उभयान्वयी. अरेरे – केवलप्रयोगी.

राहिलं ‘घरासमोरच्या’. घर नाम, समोर शब्दयोगी, वर ‘चा’ लागून सगळ्याचं मिळून विहिरीचं विशेषण.

---

निरगाठ | बुधवार, दुपारी १:१०

‘संध्याकाळी’ क्रियाविशेषण कसं? संध्याकाळ हे नाम आहे, त्याला सप्तमीचा ‘ई’ लागलाय. संध्याकाळचा, संध्याकाळला, संध्याकाळपासून, सगळी रूपं चालतात. ‘घरी’, ‘दारी’, ‘रात्री’ याच रांगेत.

---

खोडरबर | बुधवार, दुपारी १:४५

रूपाने नाम, कामाने क्रियाविशेषण. धाग्याच्या पहिल्याच प्रतिसादात काम बघा म्हटलंय ना?

---

निरगाठ | बुधवार, दुपारी २:०५

मग ‘विहिरीत’सुद्धा ‘कुठे?’चं उत्तर देतं. तेही क्रियाविशेषण करा! तुम्ही त्याला नाम म्हणालात.

---

अर्धविराम | बुधवार, सायंकाळी ५:२०

निरगाठ यांचा मुद्दा खरा आहे आणि भांडण जुनं आहे. अडचण आठच्या मांडणीतच आहे. संस्कृतात प्राचीन काळी यास्काने पदांचे चारच वर्ग केले: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). पाणिनीने तर दोनच, सुबन्त (नामाचे प्रत्यय लागलेली पदं) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागलेली). ही वाटणी बरीचशी रूपावर चालते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धाटणीवर, आणि जातींची आजची वाटणी त्या वाटेने रुळली. १९११ साली मोरो केशव दामल्यांनी सगळ्याची कसून झाडाझडती घेतली. तरीही आपण आज रूप आणि काम अशी दोन्ही मापं एकाच वेळी लावतो, आणि ‘संध्याकाळी’सारखे शब्द मधे सापडतात.

शाळेपुरता व्यवहार असा ठेवा: नामाला स्वतःचं विशेषण असेल तर त्याला नाम म्हणा. ‘घरासमोरच्या विहिरीत’ – विशेषण आहे, नाम. ‘काल संध्याकाळी’ – ‘काल’ हे संध्याकाळचं विशेषण नाही, म्हणून क्रियाविशेषण चालेल. ‘एका पावसाळी संध्याकाळी’ असतं तर नाम म्हटलं असतं. उत्तरपत्रिकेत ‘नाम, सप्तमी, कार्य क्रियाविशेषणाचे’ असं लिहिलंत तर कुणाला गुण कापता येणार नाहीत.

---

निरगाठ | बुधवार, सायंकाळी ५:५०

हे मान्य.

---

दूरदेशी | बुधवार, रात्री ११:००

सगळ्यांचे आभार. सरावाला पाच-सहा वाक्यं मिळतील का? जिथे एकच शब्द वेगवेगळं काम करतो अशी.

---

पाटीपेन्सिल | गुरुवार, सकाळी ७:५०

घ्या. क्रमाने पण, मागे, चांगली, म्हणून आणि आपला या शब्दांची जात सांगायची:

१. त्याने पण केला. / त्याने यत्न केला पण जमले नाही.
२. मागे वळून बघ. / दारामागे कोण आहे?
३. ती चांगली मुलगी आहे. / ती चांगली गाते.
४. पाऊस आला म्हणून सामना थांबला. / तो ‘येतो’ म्हणून निघून गेला.
५. हे घर आपले आहे. / मी आपला गप्प बसून राहिलो.

---

वाचनमात्र | गुरुवार, सकाळी ९:३०

१. नाम (प्रतिज्ञा), उभयान्वयी.
२. क्रियाविशेषण, शब्दयोगी.
३. विशेषण, दोन्हीकडे विशेषण? रूप तर बदलतंय, तो चांगला गातो, ती चांगली गाते.
४. उभयान्वयी, दुसऱ्यात ‘म्हणणे’चं धातुसाधित.
५. सार्वनामिक विशेषण, दुसरं माहीत नाही.

---

पाटीपेन्सिल | गुरुवार, सकाळी १०:१५

१, २, ४ पक्के. ३ मधले दुसरे क्रियाविशेषण. ‘कशी मुलगी?’चे उत्तर ते देत नाही, ‘कशी गाते?’चे देते. मुलगी वाईट असूनही चांगली गाऊ शकते. रूप बदलते हे तुमचे निरीक्षण मात्र बरोबर. म्हणूनच अशांना सव्यय क्रियाविशेषण म्हणतात.

५ मधले दुसरे केवलप्रयोगी, पादपूरणार्थक. काढून टाकले तरी वाक्य बिघडत नाही: ‘मी गप्प बसून राहिलो.’ ‘म्हणे’, ‘बरं का’ हे त्याचेच भाऊबंद.

---

निरगाठ | गुरुवार, सकाळी १०:४०

आणि बाई बोलत असेल तर ‘मी आपली गप्प बसून राहिले’. केवलप्रयोगी अव्यय, आणि लिंगाप्रमाणे बदलतंय. अर्धविराम, याला कोणती चाचणी लावायची?

---

अर्धविराम | गुरुवार, दुपारी १२:०५

मी आपला गप्प बसतो.